सुगरणीच्या पेशी

प्रयोगशाळेत माणसाची पत त्याच्या डिशमध्ये काय जगतं यावर ठरते. ज्याच्या पेशी जगतात त्याला फ्रीजमधला हाताशी येणारा कप्पा मिळतो, न डुगडुगणारं स्टूल मिळतं, आणि चहाच्या वेळी त्याच्या रद्दी विनोदालाही लोक मान मागे टाकून हसतात. ज्याच्या मरतात, त्याने कितीही नामी विनोद केला तरी मंडळी कप विसळायला उठतात. हा नियम कुणी भिंतीवर लावलेला नाही आणि आजवर मोडलेलाही नाही.

या हिशेबाने दुसऱ्या मजल्यावर वहिनीची पत सगळ्यांत मोठी. तिला तिथे सुगरण म्हणत. 'वहिनी' हे नाव तसं नवं, तिची नणंद त्याच प्रयोगशाळेत शिकायला लागली आणि पहिल्याच दिवशी दारातून ओरडली, "वहिनी, माझ्या डब्याचं झाकण तुझ्याकडे आलंय का गं?" तेव्हापासून वयाने मोठी माणसंही तिला वहिनी म्हणू लागली. नणंदेला घरातलं नाव इथेही चिकटलं: चिमणी.

काम असं होतं. उंदराच्या जांघेतली चरबी काढायची, बोटाच्या पेरापेक्षाही लहान. तिच्या मधोमध एक गाठ असते, ती आधी वेगळी करायची. मग कात्रीने चरबी इतकी बारीक करायची की तुकडा असा दिसू नये. त्यावर तंतू विरघळवणारं औषध घालायचं, अंगाच्या उबेइतक्या पाण्यात नळी हलवत ठेवायची, जाळीतून गाळायचं आणि यंत्रात गरगर फिरवायचं. नळी बाहेर आली की वर पांढुरकी, लोण्यासारखी चरबी तरंगत असते. नवख्याचा हात तिच्याकडेच जातो. ती टाकून द्यायची. खरा माल तळाशी, नळीच्या टोकाला बसलेला लालसर ठिपका.

"वर तरंगतं ते फेकायचं, खाली बसतं ते जपायचं," वहिनी शिकवताना म्हणायची. "ऑफिसात याच्या बरोब्बर उलट चालतं, तेवढं लक्षात ठेव."

चिमणी मास्कच्या आत हसायची. हात हलला की वहिनी तिच्या कोपरावर टिचकी मारायची.

तो ठिपका गुलाबी मीडियममध्ये, म्हणजे पेशींच्या खाण्यापिण्याच्या पाण्यात, मोकळा करून डिशमध्ये पसरायचा. दुसऱ्या दिवशी न चिकटलेलं धुऊन टाकायचं. उरतात त्या पेशी वाढतात; डिश भरली की त्यांची वाटणी करायची, नव्या डिशमध्ये नाहीतर चपट्या फ्लास्कमध्ये नवा संसार. पण उंदराच्या अंगातून थेट काढलेल्या पेशींची एक खोड असते. काही वाटण्या झाल्या की त्या दमतात. रुंद होतात, पसरतात, निवृत्त माणसासारख्या हातपाय ताणून पडून राहतात. सगळ्यांचं असंच व्हायचं. सुगरणीचं होत नव्हतं. तिच्या पेशी वाटणीमागून वाटणी गवतासारख्या माजत, आणि चरबी बनवायचं औषध दिलं की टपोऱ्या थेंबांनी भरून जात. प्रयोगशाळेच्या प्रमुख मॅडमनी त्यांचे फोटो परिषदेत दाखवले होते. बाहेरच्या एका प्रयोगशाळेने त्या मागून नेल्या होत्या. वहिनीने गोठवलेल्या कुप्यांच्या दोन खेपा तिकडे पाठवल्या होत्या.

"हाताला गुण आहे," मॅडम म्हणायच्या. शास्त्रात हाताच्या गुणाला जागा नाही हे मॅडमनाही माहीत होतं; पण चांगली बातमी दारात आली की तिला ओळखपत्र कोण मागतो?

आता त्या उंदरांबद्दल. मॅडमनी ते मुद्दाम मागवलेले होते. दिसायला साधे, काळे. पण त्यांच्या अंगातली पेशी न् पेशी निळ्या दिव्याखाली हिरवी चमके. जन्मजात. ही पेशी नक्की कुणाची, असा वाद उद्या निघाला तर दिवा लावायचा आणि बघायचं. माणसांत अशी सोय नाही, म्हणून तर वकिलांची पोटं भरतात.

वहिनीच्या पेशी पहिल्यांदा हिरव्यागार होत्या. पुढे मधेमधे काळे डाग दिसायला लागले. मग डागच जास्त आणि हिरवं कमी. गेल्या हिवाळ्यात एका दुपारी तिने दिवा लावला तर आख्खी डिश काळीठिक्कर. वरचा साधा दिवा लावला तर पेशी जागच्या जागी, गच्च, गुबगुबीत. चमक तेवढी कुणाचीच नाही.

चमक कधीकधी विझते, असं तिने कुठेतरी वाचलं होतं. पेशी तीच, दिवा गेलेला. हे खरंही असतं कधीकधी. तिने ते वाक्य घट्ट धरलं आणि त्या दिवसापासून निळा दिवा लावणं सोडलं.

पण मन काही डिश नसतं, झाकण लावून कपाटात ठेवायला. तिला कारणही माहीत होतं. वहिनीला अर्धवट बाटल्या बघवत नसत. घरी साबणाची चिपटी नव्या वडीला चिकटवायची, संपत आलेला शाम्पू पाणी घालून उलटा ठेवायचा. सासूबाई त्यावरच खूश होत्या, "सून संसारी मिळाली" म्हणून. प्रयोगशाळेतही ती उरलेली मीडियमची बाटली दुसऱ्या बाटलीत ओतून ठेवायची. महाग वस्तू, वाया का घालवा? शेजारच्या टेबलावर तेव्हा एक दाढीवाला होता. तो विकत आणलेल्या पेशींवर काम करायचा: कितीही वाटा, न दमणाऱ्या, दिव्याखाली न चमकणाऱ्या, आणि चरबी बनवण्यात पटाईत. एकदा डिशला लागलेली पिपेट पुन्हा बाटलीत घालू नये हे दाढीवाल्याला कुणी शिकवलं नव्हतं, किंवा शिकवलं तेव्हा तो चहाला गेला होता. नोकरी सोडून जाताना त्याने अर्धी बाटली मागे ठेवली. वहिनीने ती आपल्या बाटलीत ओतली. त्यातून त्याच्या चार-दोन पेशी पाहुण्या म्हणून आल्या आणि घरच्यांना बाहेर काढून बसल्या.

म्हणजे सुगरणीचा गुण तो दाढीवाल्याचा. आणि काटकसरीचा.

हे सगळं तिने मनातल्या मनात एकदाच जुळवलं आणि पुन्हा त्या वाटेला गेली नाही. हिवाळ्यानंतर दुसऱ्या खेपेच्या कुप्या गेल्या, तेव्हाही तिने चिठ्ठ्या सुवाच्य अक्षरात लिहून चिकटवल्या.

गोष्ट इथेच मुरली असती. पण चिमणी आली.

चिमणीच्या पेशी अगदी नियमाने वागत. काही वाटण्या, मग दमणूक. एकदा, दोनदा, पुन्हा. दर वेळी नवा उंदीर, नवी चरबी, नवा ठिपका, आणि शेवटी तेच पसरलेलं पेन्शनर मंडळ. मॅडमनी आधी समजावलं, मग गप्प राहिल्या, आणि मग एके दिवशी सगळ्यांसमोर म्हणाल्या, "शुक्रवारच्या बैठकीला तुझा फ्लास्क आणि वहिनींचा फ्लास्क शेजारीशेजारी ठेव. एकाच पिंजऱ्यातले उंदीर, एकच पद्धत. हातातच काही कमी असेल तर मग दुसरं काम बघू. उंदीर काही झाडाला लागत नाहीत."

दुसरं काम म्हणजे काय ते सगळ्यांना ठाऊक होतं. खालच्या मजल्यावर काचा धुण्याच्या खोलीशेजारी एक टेबल होतं. तिथे गेलेलं माणूस पुन्हा वर आल्याचं कुणाला आठवत नव्हतं.

घरी सासूबाईंना बातमी लागायला वेळ लागला नाही. त्या भाजी निवडता निवडता म्हणाल्या, "एकाच घरातून दोघी जातात. एकीच्या हाताला मोती, दुसरीच्या हाताला माती. अगं चिमणे, वहिनी करते ते नीट बघत तरी जा. का तिथेही मोबाइलच बघतेस?"

"बघते गं आई."

"बघून होत नाही. हातात असावं लागतं. तुझ्या बापाच्या हातून कधी खिळा सरळ गेला नाही, तेच आलंय तुझ्यात."

वहिनीचा नवरा पेपरातून तोंड न काढता म्हणाला, "खिळा सरळ होता, भिंत वाकडी होती. बाबा नेहमी सांगायचे." त्याचं चष्म्याचं दुकान होतं, दिवसभर लोकांना "आता स्पष्ट दिसतंय का?" विचारून तो घरी आला की कशाकडेच नीट बघत नसे.

चिमणी उठून गॅलरीत गेली. वहिनी तिच्यामागोमाग. तिथे वाळत घातलेल्या कपड्यांच्या आड चिमणी नाक ओढत उभी होती. वहिनीने तिच्या पाठीवर हात ठेवला, थोपटलं.

"येईल हळूहळू. मलाही पहिल्यांदा जमत नव्हतं. हाताला सवय लागते."

"तुला कधी नाही जमलं?"

"सुरुवातीला," वहिनी म्हणाली. खोटं इतकं सहज आलं की तिला स्वतःचाच अचंबा वाटला. थोपटणारा हात मात्र थांबला नाही. थांबवला तर काय बोलावं लागेल याची तिला भीती होती.

शुक्रवारी बैठकीच्या आधी वहिनी फ्लास्क आणायला गेली तर इन्क्युबेटरच्या उबदार कपाटात तिचा फ्लास्क नव्हता. ती सूक्ष्मदर्शकाच्या खोलीकडे वळली. दार लोटलेलं. आत अंधार, आणि अंधारात निळा दिवा. चिमणी डोळे लावून बसली होती.

वहिनी दारातच थांबली.

"वहिनी?" चिमणी वळली. "रागावू नकोस. मी तुझा फ्लास्क घेतला. माझा बघितला, तो हिरवा आहे. दमलेल्या आहेत पण सगळ्या हिरव्या. म्हटलं तुझा कसा दिसतो बघावं."

"मग?"

"मंगळवारीसुद्धा बघितला होता. वाटलं मलाच दिवा नीट लावता येत नाही." तिचा आवाज खाली गेला. "वहिनी, ह्या आपल्या उंदराच्या नाहीत. एकही नाही. तुला माहीत नसणार. मला सांगायचा धीर होईना. एवढं वाईट कसं सांगायचं गं कुणाला?"

पोरगी तीन दिवस गप्प होती. आपली जागा जाणार हे दिसत असताना, वहिनीचं नाव जाऊ नये म्हणून गप्प.

त्या क्षणी वहिनीपुढे दोन दारं होती. एक खरं. दुसरं, त्याच्या शेजारचं, जवळजवळ तसंच दिसणारं. तिने शेजारचं उघडलं.

"अगं बाई!" ती म्हणाली. पुढे झाली, डोळे लावले, आणि त्या ओळखीच्या काळोखाकडे असं बघितलं की जणू आजच पाहिला. "अगं बाई, खरंच की! कसं झालं हे?"

आणि लगेच, चिमणीने तोंड उघडायच्या आत, "चल. मी सांगते मॅडमना. आत्ताच."

बैठकीत तिने उभं राहून सांगितलं. पेशी आपल्या नाहीत, दाढीवाल्याच्या असाव्यात, बाटल्या मी एकत्र ओतत होते, आज सकाळी लक्षात आलं. चिमणीच्या पेशी बरोबर आहेत, थकतात तशाच थकायला हव्यात. बोलताना आवाज थरथरला, तेवढा खरा होता.

मॅडमचा चेहरा आधी पांढरा पडला, मग त्यांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. "मीही कधी दिवा लावून दाखवा म्हटलं नाही," त्या म्हणाल्या. "फोटो छान येत होते." मग वर बघून, "पण वहिनी, दुसरं कुणी असतं तर लपवलं असतं. सगळ्यांसमोर उभं राहून असं सांगायला हिंमत लागते."

मागून कुणीतरी टाळी वाजवली. मग दुसऱ्याने. बघता बघता सगळी खोली. चिमणीही वाजवत होती, डोळे पुसत.

वहिनी उभीच. पेशी गेल्या होत्या, आणि बदल्यात तिच्या नावावर प्रामाणिकपणा जमा झाला होता. इतका फायदेशीर तोटा तिने जन्मात पाहिला नव्हता. टाळ्यांचा एक एक आवाज कानशिलावर बसावा तसा बसत होता आणि चेहऱ्यावर नम्र हसू ठेवावं लागत होतं, कारण टाळ्यांना दुसरं काय उत्तर देणार?

बैठक संपली तेव्हा मॅडम म्हणाल्या, "बाहेर ज्यांना कुप्या पाठवल्या त्यांना आजच फोन करा. त्यांचं काम आणखी एक दिवस वाया जायला नको."

दुपारी वहिनी फोनपाशी बसली. शेजारच्या टेबलावर चिमणी नव्या डिशवर नावं घालत होती, आणि मधून मधून वहिनीकडे अशी बघत होती की त्या बघण्यापेक्षा सासूबाईंच्या शिव्या परवडल्या असत्या. तिकडच्या प्रयोगशाळेतले प्रमुख म्हणजे एक हसरे, मोठ्या आवाजाचे गृहस्थ. फोन उचलल्या उचलल्या म्हणाले, "अहो सुगरणबाई! तुमच्या पेशींनी आमचं नाक वर केलंय बघा! काय वाढतात, काय वाढतात!"

वहिनीने सांगितलं. तिकडचा आवाज ऐकता ऐकता लहान होत गेला.

"असं," ते म्हणाले. मग, आता हसू नसलेल्या पण सभ्य आवाजात, "ठीक आहे. चुका होतात. आता मला एवढंच सांगा, कारण इथे माझी दोन मुलं यावर काम करतायत आणि त्यांना कुठून मागे जायचं ते कळलं पाहिजे. तुमच्या दोन खेपा आल्या. पहिलीत निदान काही खऱ्या होत्या का? आणि हे तुमच्या लक्षात नक्की कधी आलं?"

'आज सकाळी' हे शब्द तोंडात तयार होते. सकाळी एकदा वापरलेले, घासून गुळगुळीत झालेले. ते म्हटले असते तर त्या दोन मुलांनी काय करायचं? पहिल्या खेपेतलंही सगळं फेकायचं की दुसरीतलंही ठेवून बघायचं? आणि चिमणीच्या हातातली लेखणी डिशवर टेकलेली, ती ऐकत होती. सकाळी टाळ्या वाजवलेले तेच हात.

"पहिलीत निम्म्या खऱ्या होत्या," वहिनी म्हणाली. "दुसरीत एकही नव्हती."

"हे तुम्हाला कसं ठाऊक?"

"मी हिवाळ्यात दिवा लावून बघितलं होतं. तेव्हाच कळलं होतं. दुसरी खेप त्यानंतर पाठवली."

"म्हणजे माहीत असून पाठवली?"

"हो."

"मॅडमना माहीत आहे?"

"नाही. फोन ठेवला की सांगते."

"सांगा," ते म्हणाले, आणि निरोप न घेताच फोन ठेवला.

वहिनीने वळून बघायला वेळ लावला. चिमणी डिशवरच बघत होती. तिथे एक लांबट रेघ ओढली गेली होती; ती बोटाने पुसायचा प्रयत्न करत होती, पण ती शाई पुसत नाही.

"सकाळी तू 'अगं बाई' म्हणालीस," चिमणी म्हणाली.

"हो."

"इतकं छान म्हणालीस." डिशवरून नजर न काढता, "आणि गॅलरीत थोपटलंस ते?"

वहिनी फोनची पीळ पडलेली तार सोडवत राहिली.

"मला रागावली असतीस तरी चाललं असतं," चिमणी म्हणाली. "आई रागावतेच. थोपटायला नको होतंस." ती उठली, रेघ पडलेली डिश टोपलीत टाकली, नवी घेतली आणि त्यावर पुन्हा पहिल्यापासून नाव लिहायला लागली.

मॅडमच्या खोलीत वहिनी गेली आणि थोड्या वेळाने बाहेर आली. आत आवाज चढला नाही. चढला असता तर बरं, असं तिला वाटलं. मॅडम फक्त म्हणाल्या होत्या, "सकाळच्या टाळ्यांत मीही होते," आणि मग, "तुमच्या सगळ्या कुप्या, सगळे फ्लास्क आज नष्ट करा. पुढचं सोमवारी बघू." काय बघणार ते सांगितलं नाही. चिमणीचं टेबल जिथे होतं तिथेच राहणार, एवढं मात्र सांगितलं. वहिनीने फ्लास्कमध्ये ब्लीच ओतलं. गुलाबी मीडियम बघता बघता पिवळं आणि मग रंगहीन झालं. इतक्या माजलेल्या पेशी, पण मरताना काही आवाज केला नाही.

संध्याकाळी बसमध्ये दोघी वेगवेगळ्या बाकांवर बसल्या. उतरून घराच्या रस्त्याला लागल्यावर चिमणी पहिल्यांदा बोलली.

"घरी मी सांगू का तू सांगतेस?"

"मी सांगते."

"सगळं? का 'आज सकाळी'?"

"सगळं."

"बघ हं," चिमणी म्हणाली. त्यात माया नव्हती, धमकीही नव्हती. बाजारात वजन करताना काट्याकडे बघावं तसं ती वहिनीकडे बघत होती.

जिन्यातच सासूबाईंचा आवाज ऐकू आला. दार उघडंच होतं. खालच्या मजल्यावरची शेजारीण चहाचा कप घेऊन बसली होती आणि सासूबाई रंगात आल्या होत्या.

"ये ये, तुझंच चाललंय! यांना म्हटलं, आमची सून तिथली सुगरण आहे. बाहेरगावची माणसं हिच्या पेशी मागून नेतात!"

"वा!" शेजारीण म्हणाली. "बरं, येते मी, तुम्ही दमून आलात."

"बसा ना थोडं," वहिनी म्हणाली.

चिमणी आत गेली नाही. दाराच्या चौकटीला टेकून, पर्स छातीशी धरून, उभी राहिली. नवऱ्याने पेपर खाली केला.

"आई," वहिनी म्हणाली. चपला अजून पायातच होत्या. "त्या पेशी माझ्या नव्हत्या."

सासूबाई हसल्या. "म्हणजे काय? मग काय शेजाऱ्यांच्या होत्या?"

"हो," वहिनी म्हणाली. "शेजारच्या टेबलावरच्या. आणि मला ते हिवाळ्यापासून माहीत होतं."